पाण्याला वाट द्या

सकाळी पावणेसहा

मे महिन्यात पूर्व टेनेसीचा हवामान अंदाज बहुतेक रोज सारखाच असतो. सकाळी ऊन, दुपारी घामट उकाडा, चारच्या सुमारास डोंगरावर गडगडाट. माझा धंदा या वेळापत्रकाला बांधलेला आहे. सकाळी एक घर मुद्दाम भिजवायचं, दुपारी आधीच वाळलेल्या दुसऱ्या घराच्या भेगा बुजवायच्या, आणि खरा पाऊस आला की हत्यारं खाली ठेवून नुसतं बघत फिरायचं. मी ओंडक्यांच्या घरांतली गळती शोधतो आणि दुरुस्त करतो.

व्हॅनमध्ये चढवायचं सामान साधंच आहे. बागेला पाणी घालायचा लांब पाइप, दोन शिड्या, हातोडी, टोच्या, पटाशा, बॅटरी, फोमच्या दोऱ्यांची भेंडोळी, सीलंटच्या नळ्या, बोरेटची पावडर, मॉइश्चर मीटर आणि खडू. यातला खडू सगळ्यात लवकर संपतो.

नॉक्सव्हिल सोडलं की वाटेत माझा जोडीदार गाडीत बसतो. इथल्याच डोंगरात वाढलेला साठीचा सुतार. मी त्याला मिस्त्री म्हणतो आणि त्याची काही हरकत नाही. थर्मासमधली कॉफी संपेपर्यंत तो बोलत नाही, संपल्यावरही फारसं नाही.

साडेसात

आजचं घर गॅटलिनबर्गच्या वर, ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीपासून जवळच आहे. या भागात ओंडक्यांची घरं गरजेतून आली. १६३८ साली डेलावेअर नदीकाठी स्वीडनची वसाहत झाली. आडवे ओंडके रचून घर उभारण्याची उत्तर युरोपातली रीत त्या लोकांबरोबर आली आणि पुढे जर्मन व स्कॉच-आयरिश कुटुंबांनी ती डोंगरांत नेली. आज सेव्हिअर काउंटीत त्याच रूपाची घरं पर्यटकांना रात्रीच्या भाड्याने मिळतात. शेकोटी, डोंगराकडे तोंड केलेला डेक आणि डेकवर हॉट टब, एवढं असल्याशिवाय ती भाड्याने जात नाहीत.

उद्यानाच्या सखल भागात वर्षाला साधारण ५५ इंच आणि उंच शिखरांवर ८५ इंचांपर्यंत पाऊस पडतो. शंभर इंचांच्या वर पाऊस बघितलेल्या रत्नागिरीकराला हे किरकोळ वाटेल. पण कोकणातला पाऊस चार महिन्यांत आपलं काम उरकतो आणि मग घराचे वासे, तुळया वाळायला मोकळ्या होतात. इथला पाऊस बारा महिन्यांवर वाटलेला आहे. भिजल्याने लाकूड मरत नाही. भिजलेलं वाळू दिलं नाही की मरतं.

बेल वाजवण्याआधी आम्ही घराला एक प्रदक्षिणा घालतो. मालक सोबत आला की तो डाग दाखवायला लागतो आणि मग डोळे डागालाच चिकटतात. पश्चिमेची भिंत करडी पडली आहे. वाटीभर पाणी मारून बघितलं, तर ते मोती होऊन ओघळत नाही, लाकूड ते पिऊन काळपट होतं. म्हणजे वरचा थर गेलेला. छपराला पन्हळ नाही, त्यामुळे पागोळ्या थेट डेकच्या फळ्यांवर पडतात आणि तिथून उसळून खालच्या ओंडक्यांना भिजवतात. कोपऱ्यावरची ओंडक्यांची टोकं वळचणीच्याही बाहेर आलेली आहेत. डेकच्या कठड्याखाली अर्ध्या इंचाची नेमकी गोल भोकं आणि त्यांच्यापुढे घोंघावणारा भुंगा. हा नर, त्याला नांगी नसते. लाकूड मादी पोखरते. ती आत शिरून काटकोनात वळते आणि रेषांच्या दिशेने बोगदा काढते. मग तिच्या अळ्या खायला सुतारपक्षी तो बोगदा चोचीने उघडा करतो, आणि पाण्याला आयतं दार मिळतं.

साडेआठ

दार काकूंनी उघडलं. काका-काकू मूळचे पुण्याचे, आता अटलांटाला असतात. निवृत्तीनंतर हे घर घेतलं, वर्षातले काही आठवडे स्वतः राहतात आणि बाकी भाड्याने देतात.

“तीन ठिकाणी ओल आहे बघ,” काकू म्हणाल्या. “खालच्या खोलीत खिडकीपाशी, इथे शेकोटीच्या वर, आणि बाथरूमच्या भिंतीला. खिडकीला तर दर वर्षी सिलिकॉन मारून घेतो. तरी दर वर्षी वाढतंच आहे.”

“काकू, सिलिकॉन मारायच्या आधी एवढं होतं का?”

त्यांनी काकांकडे पाहिलं. “एवढं नव्हतं,” काका म्हणाले.

मीटरच्या दोन सुया लाकडात टोचल्या की ओलीचा टक्का कळतो. या हवेत धडधाकट ओंडका बारा ते पंधरा टक्के दाखवतो. वीसच्या वर गेला की कान टवकारायचे. अठ्ठावीस-तीसच्या आसपास लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने तुडुंब होतात आणि कुजवणाऱ्या बुरशीचं राज्य सुरू होतं. खिडकीखाली सव्वीस आलं. खिडकीच्या डाव्या अंगाला बावीस. डावीकडेच, खिडकीच्या वर, एकोणीस. उजवीकडे सगळीकडे तेरा. प्रत्येक आकडा मी भिंतीवर खडूने लिहितो. थोड्या वेळाने ते आकडेच ओलीचा नकाशा दाखवतात. इथला नकाशा खिडकी सोडून डावीकडे वर चढत होता.

बाथरूमची भिंत वरून घामेजलेली होती, पण लांब सुया खोल घातल्या तर आत कोरडं लाकूड. मग ती गळती नव्हे. एक्झॉस्ट पंखा चालू करून त्याला टिशू पेपर लावला, तो खाली पडला. पंखा नुसता आवाज करत होता, हवा ओढत नव्हता. पाहुण्यांच्या गरम आंघोळीची वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन बसत होती. पंखा आणि त्याची नळी साफ करा, एवढ्यावर तो विषय मिटला.

साडेनऊ

आता पाइप. या परीक्षेत घाई करणाऱ्याला चुकीचंच उत्तर मिळतं. नियम दोन. पहिला, खालून वर जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळी भिंत भिजवतं आणि कुठून आत गेलं ते सांगता येत नाही. दुसरा, धार सौम्य ठेवायची. जोराच्या फवाऱ्याने पाणी अशा फटींतूनही आत जातं, ज्यांतून पाऊस कधीच गेला नसता. एका पट्ट्यावर दहा-पंधरा मिनिटं, आत कोणीतरी बॅटरी धरून बसलेलं, मग एक पट्टा वर.

मिस्त्री पाइप धरतो, काकू आत बसल्या. खिडकीखालचा ओंडका झाला, काही नाही. खिडकीचा उंबरा, काही नाही. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, काही नाही.

“म्हणजे खिडकी गळत नाही?” काकांनी विचारलं. दर वर्षीच्या सिलिकॉनचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर उमटला होता.

खिडकीच्या वरच्या ओंडक्यावर एक लांब भेग आहे. भेगा पडणं हा ओंडक्याचा स्वभावच. बाहेरचं लाकूड आधी वाळून आटतं, आतला गाभा मागे राहतो, आणि ताण सुटायला ओंडका परिघाकडून मध्यापर्यंत चिरतो. ओंडक्याच्या खालच्या अर्ध्या भागातली भेग निरुपद्रवी, तिच्यात पाणी थांबत नाही. वरच्या अर्ध्यातली, आकाशाकडे तोंड केलेली भेग म्हणजे भिंतीतच बसवलेली पन्हळ. मिस्त्रीने पाणी तिच्यावर धरलं. पाच-सात मिनिटं शांतता.

“आलं! आलं रे!” आतून काकू ओरडल्या. “खाली, डाव्या कोपऱ्यात!”

पाण्याचा प्रवास आता जुळवता आला. भेग खिडकीच्या डाव्या चौकटीच्या पुढे फूटभर जाते. तिथेच ओंडके एकमेकांना जखडायला वरून खाली मारलेला लांब खिळा आहे. पाणी भेगेतून त्या खिळ्यापर्यंत गेलं, खिळ्याच्या अंगाने खालच्या सांध्यात उतरलं आणि खिडकीसाठी कापलेल्या ओंडक्यांच्या टोकांतून चौकटीमागच्या फटीत पडलं. तिथून उंबऱ्यावर. एके काळी उंबऱ्याखालच्या बारीक फटीतून ते बाहेर निघून जात असणार. ती फट सिलिकॉनने बंद झाली, तेव्हापासून त्याला खोलीत येण्याशिवाय मार्ग राहिला नाही.

“म्हणजे बंद करायला तुला बोलावलं आणि तू उघडायला सांगतोयस,” काका म्हणाले.

“खालचं उघडायचं काका, वरचं बंद करायचं.”

आपल्याकडे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ भिंतीभिंतीवर लिहिलेलं असायचं. शिवारासाठी ते सोळा आणे खरं. ओंडक्यांच्या घरात मात्र अडलेलं पाणी जिरतं ते लाकडातच. इथे पाणी वरच्या वर परतवायचं, आणि त्यातूनही जे आत शिरेल, त्याला खाली बाहेर पडायची जागा राखायची.

अकरा

छपरावर. शेकोटीचं धुराडं दगडी, स्वतःच्या पायावर उभं. त्याला लागून ओंडक्यांची भिंत. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, जाडीत आटतं. भिंतीत ओंडके आडवे, म्हणून जाडीतली प्रत्येक घट भिंतीच्या उंचीतून वजा होते. ओल्या ओंडक्यांचं घर बांधताना फुटामागे पाऊण इंचापर्यंत बसण्याची मोकळीक ठेवतात. म्हणूनच दारं-खिडक्यांच्या माथ्यावर पट्टीआड रिकामी जागा सोडतात आणि उभ्या खांबांखाली फिरवून कमी करता येणारे स्क्रू जॅक घालतात. धुराडं मात्र तसूभरही बसत नाही. इथे बांधणाऱ्याने पत्र्याची एकच झालर छपराला आणि धुराड्याला अशी दोन्हीकडे पक्की ठोकली होती. घर खाली आलं, धुराडं जागेवर राहिलं, झालर फाटली. कोणीतरी वर डांबर थापलंय, तेही तडकलंय.

खरा उपाय दोन पत्र्यांचा. एक छपराला जोडलेला, दुसरा धुराड्याच्या दगडात खाच पाडून बसवलेला आणि पहिल्यावर ओघळता. दोघे एकमेकांवर सरकायला मोकळे. हे काम छपरवाल्याचं. आज आम्ही तात्पुरती पट्टी लावून खाली उतरलो.

मग कोपरा. मिस्त्री हातोडीने ओंडके वाजवत जातो. टणक लाकूड खणखणतं, कुजलेलं भदभदतं. तिसऱ्या ओंडक्यापाशी आवाज बसला. टोच्या दोन इंच आत गेला, बाहेर काढला तर त्याला तपकिरी ओला भुसा. ओंडक्याचं कापलेलं टोक म्हणजे स्ट्रॉची जुडी, लांबीतल्या सगळ्या नळ्यांची तोंडं तिथे उघडी असतात आणि पाणी फूटफूटभर आत ओढतात. ही टोकं वळचणीच्या आत असती, तर हा प्रसंग आला नसता.

“वरून तर छान रंगवलेलं दिसत होतं,” काका म्हणाले. तेच तर. वरून रंग, आतून लगदा.

अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने १९९१ साली ओंडक्यांच्या ऐतिहासिक इमारतींच्या जतनावर एक पुस्तिका काढली. मिस्त्रीच्या गाडीत तिची मळकी प्रत असते. कुजलेला भाग तेवढाच काढून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधता येतो, अख्खा ओंडका बदलायची वेळ प्रत्येक वेळी येत नाही, हे त्याचं मत तिच्याशी जुळतं. इथे टोकं कापून वळचणीच्या आत घ्यायची, कापलेला माथा पाणी पुढे गळेल असा तिरपा ठेवायचा, बोरेट पाजायचं आणि टोक सील करायचं. कूज कोपऱ्याच्या खाचेपर्यंत गेली असेल, तर काम वाढेल. ते कापल्यावर कळेल आणि अहवालात तसंच लिहावं लागेल.

साडेबारा

काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. पोळी-भाजी आणि दाण्याची चटणी. मिस्त्रीने चटणी दोनदा घेतली आणि मग सकाळपासूनचं सगळ्यात लांब वाक्य बोलला, “यांना कोव्हमधलं ऑलिव्हरचं घर दाखव.”

त्याचं बरोबर होतं. उद्यानातल्या केड्स कोव्हमध्ये जॉन ऑलिव्हरचं घर आहे, १८२०च्या दशकातलं. ओंडके आपल्या वजनाने आणि कोपऱ्यांतल्या खाचांनी जागेवर राहिलेत. खाचांना बाहेरच्या बाजूला उतार असेल तर कोपऱ्यात आलेलं पाणी आपोआप बाहेर ओघळतं, ही डोंगरातल्या जुन्या सुतारांची अक्कल. घर दगडांवर उचललेलं, त्यामुळे खालून वारा खेळतो. ओंडक्यांमधल्या फटी मातीने लिंपायच्या, आणि ती माती गळून पडली की पुन्हा लिंपायची. दोनशे वर्षं त्या घराला सिलिकॉन लागलं नाही.

“आणि आमचं तीस वर्षांत असं?” काकांनी विचारलं.

“काका, त्यांचं लाकूड जुन्या जंगलातल्या पक्क्या झाडांचं होतं, आणि घराला हॉट टब नव्हता.”

काकू हसल्या. पण ते थट्टेत नव्हतं. टबातून उसळणारं पाणी आणि वाफ रोज भिंतीलाच जाते. टब भिंतीपासून लांब हलवा, हेही यादीत गेलं.

दोन

दुसरं घर एका निवृत्त शिक्षिकेचं, वेअर्स व्हॅलीत. पाइपाची परीक्षा आधी झालेली, भिंती वाळल्यात. ओल्या लाकडावर सीलंट धरत नाही, म्हणून ज्या दिवशी शोधलं त्या दिवशी बुजवत नाही. मीटर सगळीकडे सोळाच्या खाली आला, तेव्हा सुरुवात केली.

आकाशाकडे तोंड केलेल्या, पाव इंचाहून रुंद भेगा तेवढ्या आमच्या. आधी भेग खरवडून, झाडून साफ. मग आत बोरेटचं पाणी. हे बोरॅक्सच्या जातीचं मीठ लाकडातल्या ओलीबरोबर आत पसरतं, आणि बुरशी व किडे दोघांनाही मानवत नाही. मात्र उघड्यावर पावसाने धुऊन जातं, म्हणून वर थर हवाच. ते वाळलं की भेगेपेक्षा किंचित जाड फोमची दोरी दाबून बसवायची आणि तिच्यावर सीलंटचा पातळ पट्टा ओढायचा.

फोमचा उपयोग जागा भरण्यापुरता नसतो. सीलंटने भेगेच्या दोन काठांनाच चिकटावं, तळाला चिकटू नये, यासाठी तो असतो. हिवाळ्यात भेग रुंदावते, दमट उन्हाळ्यात मिटते. दोन काठांना धरलेला पट्टा रबरासारखा ताणतो. तिन्ही बाजूंनी चिकटलेला फाटतो, आणि फाटलेल्या सीलंटमागे पाणी कोंडून राहतं. अशी भेग उघड्या भेगेपेक्षा वाईट. पट्ट्याची वरची कडही थोडी तिरपी घासायची, पाणी तिच्यावर उभं राहू नये म्हणून.

बाई शिडीखाली उभ्या राहून वर्गात फेरी मारल्यासारखं काम तपासत होत्या. “हे राहिलं,” त्यांनी खालच्या बाजूची एक भेग दाखवली.

“ती ठेवायचीय. तिच्यातून ओंडका वाळतो.”

त्यांना पटलं नाही. मी पाण्याचा पेला मागितला आणि दोन्ही भेगांवर ओतून दाखवला. वरच्या भेगेने पाणी गिळलं, खालची कोरडी राहिली. मग पटलं.

सव्वाचार

डोंगर दिसेनासा झाला. ताजं सीलंट अजून ओलं, म्हणून वळचणीखालून प्लॅस्टिकचा कागद सोडला, खालची बाजू मोकळी ठेवली. तळाशी बांधला तर आत वाफ धरते. पहिल्या थेंबाला मिस्त्री ओसरीवर जाऊन बसला. मी छत्री घेतली.

माझ्या दिवसातला हा तास सगळ्यात कामाचा. मॉइश्चर मीटर आणि पाइप जे अंदाजाने सांगतात, ते पाऊस उघड सांगतो. पाण्याची धार छपराच्या कोणत्या कोपऱ्यातून सुटते, वारा फिरल्यावर झड कुठल्या भिंतीला बसते, पन्हळ कुठे ओसंडते, जमिनीवर पडलेलं पाणी किती उंच उसळून पहिल्या ओंडक्याला लागतं. बाईंच्या घरामागे पन्हळीची नळी पायापाशीच सुटलेली होती. छपराचं सगळं पाणी पायात मुरत होतं. ऊन असताना ते कोणाला दिसलं नसतं. मी ती नळी चार फूट पुढे वळवली आणि खाली दगड रचले. पाऊण तासात पाऊस गेला, कागद काढला, पट्टे शाबूत होते.

सात

घरी अहवाल लिहायला बसलो. अहवालात क्रम महत्त्वाचा, कारण पैसे संपले तर लोक यादीत वरून खाली जातात आणि मध्येच थांबतात. काका-काकूंच्या घरासाठी क्रम असा लावला.

पहिलं, धुराड्याची झालर, छपरवाल्याकडून. दुसरं, पश्चिमेला आणि डेकवर पन्हळ. तिसरं, खिडकीवरची भेग बुजवणं, माथ्याच्या पट्टीवर पत्रा, आणि उंबऱ्याखालचं सिलिकॉन काढणं. चौथं, कोपऱ्याची टोकं कापून तिरपी करणं, कुजलेला तुकडा सांधणं. पाचवं, भुंग्यांची भोकं औषध घालून डाटणं. सहावं, सगळं कोरडं झाल्यावर भिंतींना नवा थर. बाथरूमचा पंखा आणि हॉट टब यांना कारागीर लागत नाही.

अर्ध्या तासात काकांचा फोन आला. “अरे, यात रंग सगळ्यात शेवटी कशाला? पाहुण्यांना रंगच दिसतो.”

“आधी मारला तर ओल आत कोंडेल, काका. पुढच्या वर्षी रंगासकट ओंडका काढावा लागेल.”

“बरं. मग आम्ही काय करायचं, तुझी वाट बघत?”

“छत्री घ्या. पुढच्या पावसात अटलांटाहून या, आणि घराभोवती एक चक्कर मारा. पाणी जिथे थांबलेलं दिसेल, तिथे खडूने खूण करा. रंगाचं नंतर बोलू.”